कुठवर आलात?

स्वखर्चाने पहिलं पुस्तक काढलेला माणूस ओळखायला त्याचं पुस्तक बघावं लागत नाही, खांद्यावरची पिशवी पुरते. लग्न असो, सोसायटीची वार्षिक सभा असो की दाताच्या डॉक्टरकडची रांग, त्या पिशवीत पाच प्रती असायच्याच. त्यातली एक तो काढतो, पहिलं कोरं पान अंगठ्याने दाबून सपाट करतो, 'सप्रेम भेट' लिहितो आणि तुमच्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ विचारून घेतो. (हीच काळजी आतल्या दोनशे पानांत घेतली असती तर... पण ते पुढे.) मग वळणदार सही, मग फोटो. पैसे मात्र तो घेत नाही, आणि इथेच माणसं गाफील राहतात. पुस्तकाची किंमत आठवड्याने फोनवर वसूल होते: "मग, कुठवर आलात?" या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. 'सुरुवात केलीय' म्हटलं तर चौथ्या दिवशी पुन्हा विचारणा. 'छान आहे' म्हटलं तर 'काय छान वाटलं?' हा उपप्रश्न. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणणाऱ्याच्या घरी येऊन तो दोन प्रकरणं वाचून दाखवतो. मुरलेले लोक मधलंच एखादं पान तयार ठेवतात आणि तेवढ्यावर अख्खी लग्नसराई काढतात.

अशा माणसाला आपण निर्लज्ज ठरवून मोकळे होतो. मला हा निवाडा मान्य नाही. त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या हिशेबात त्या पिशवीचं मूळ आहे. प्रस्थापित प्रकाशकाकडे हस्तलिखित निवडणारा वेगळा, संपादक वेगळा, मुद्रितं तपासणारा, मुखपृष्ठ करणारा, गोडाऊन सांभाळणारा, दुकानदारांकडे खेपा घालणारा वेगळा. इथे या सगळ्या जागांवर एकच माणूस नेमलेला असतो आणि पगारही तोच देतो. त्यातलं सोपं काम एकच, आयएसबीएन. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो तेरा आकडी क्रमांक फुकट मिळतो. तो हाती आला की गृहस्थाला वाटतं, मोठा गड सर झाला. मग तो छापखान्यात जातो. ऑफसेटवर प्लेटा आणि मशिनची जुळणी यांचा खर्च तीनशे प्रतींना जेवढा, तेवढाच हजाराला. त्यामुळे प्रती वाढवल्या की दर उतरतो. "साहेब, थोडेच वर घालताय तर हजारच काढा ना," हे छापखानदाराचं वाक्य व्यवहाराला धरून असतं. आणि नेमकं त्याच वाक्याने दिवाणाखालची जागा संपते. हल्ली डिजिटलवर पन्नास प्रतीही निघतात, प्रतीमागे दर जरा चढा पडतो एवढंच. शहाणे तो मार्ग धरतात आणि दर पन्नासाला 'नवी आवृत्ती' म्हणतात. वर्षभरात पाचवी आवृत्ती निघालेल्या पुस्तकांचं गूढ बहुतेक इथे उकलतं.

गठ्ठे घरी आल्यावर विक्रीचं गणित सुरू होतं. समजा पुस्तकाची किंमत अडीचशे आणि छपाई प्रतीमागे शंभर. दुकानदार किंवा वितरक चाळीस टक्के सूट मागतो, कधी त्याहून जास्त, म्हणजे हातात दीडशे. तेही प्रत विकली गेल्यावर, हिशेब झाल्यावर, आणि हिशेबाला चार वेळा जाऊन आल्यावर. रिक्षा-कुरिअर वजा केलं की जे उरतं त्यात लेखकाचा चहा भागतो. शिवाय दुकानदाराच्या फळीवर अनोळखी नावाचं पुस्तक कडेने उभं राहतं, नुसता कणा दिसतो, आणि त्यावरचं नाव वाचायला मान वाकडी करणारा ग्राहक रोज येत नाही. एवढा हिशेब मांडल्यावर हातोहात देण्याखेरीज दुसरा शहाणपणाचा मार्ग मला तरी दिसत नाही. पिशवी हे त्याचं दुकान आहे. हेच काम कंपनीने केलं तर आपण त्याला प्रसिद्धी विभाग म्हणतो आणि समारंभात त्याचे आभार मानतो. नाही म्हणायला त्याची प्रत न नाकारणारी चार ठिकाणं देशात आहेत. 1954 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या एकेका ग्रंथालयाला प्रकाशकाने स्वखर्चाने धाडायची असते. ती तो नियमाने धाडतो. हळहळ एवढीच की त्या चौघांना फोन करून 'कुठवर आलात' असं विचारता येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की पुस्तकात दम असता तर प्रकाशक मिळालाच असता. हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. वॉल्ट व्हिटमनने 1855 साली 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' पदरच्या पैशाने काढलं, त्याचे काही खिळे स्वतः जुळवले आणि मग निनावी परीक्षणं लिहून स्वतःचीच मनमुराद स्तुती केली. इमर्सनने खासगी पत्रात केलेलं कौतुक त्याने पुढच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं, इमर्सनला न विचारता. आमचा पिशवीवाला त्यामानाने फारच मर्यादशील. थोरोच्या पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती निघाल्या आणि 1853 मध्ये त्यातल्या 706 प्रकाशकाने त्याच्या दारात आणून टाकल्या. खर्चाचा भार त्याच्याच डोक्यावर होता. आपल्या ग्रंथसंग्रहात आता नऊशेच्या आसपास ग्रंथ असून त्यातले सातशेवर आपणच लिहिलेत, अशी नोंद त्याने रोजनिशीत करून ठेवली. दूर कशाला जायचं? 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणं छापून 'दीनबंधु'ने पुढची थांबवली, पण जोतीराव फुले गावोगाव तो ग्रंथ स्वतः वाचून दाखवत होते. जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांना, तसाच बडोद्याच्या महाराजांनाही. आणि केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, वर्गणीदार गोळा केले आणि तेवीस खंड काढून दाखवले. आज आपण ज्यांच्या जयंत्या करतो, त्यांच्यापैकी काहींच्या खांद्यावर ही पिशवी होती.

मात्र ही यादी नवलेखकाच्या हाती लागू देणं धोक्याचं. थोरोच्या प्रती पडून राहिल्या, माझ्याही पडून आहेत, म्हणून मी थोरो, असा तर्क त्याच्या मनात तयारच असतो. पडून राहिलेल्या गठ्ठ्यावरून तो पडून राहिला एवढंच सिद्ध होतं. म्हणून दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: स्वखर्चाच्या पुस्तकाला 'नाही' म्हणणारं कुणी भेटलेलं नसतं. हे खरं आहे, आणि इथे त्याची बाजू घेणं कठीण जातं. त्याच्या खर्चाचा तपशील पाहा. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन, वर शीर्षकाला चमक, आत जाड नॅचरल शेड कागद, प्रकाशन समारंभाला हॉल, शाल, श्रीफळ, अल्पोपाहार. संपादकाला शून्य. मुद्रितं सौभाग्यवतींनी 'नजरेखालून घातलेली'. प्रस्तावना मात्र तीन: एक निवृत्त प्राचार्यांची, एक आमदारांची आणि एक अशा कवीची, ज्याने पुस्तक न वाचताही सात पानं लिहिली आहेत. त्यानंतर मनोगत. त्यात तो म्हणतो की पुस्तक काढायचा त्याचा विचारच नव्हता, मित्रांनी आग्रह धरला. हे मित्र सध्या त्याचे फोन उचलत नाहीत. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, पण तिथे हस्तलिखित आधी कुणीतरी वाचतं, आणि नेमकं तेच त्याला नको असतं.

म्हणजे त्याला वाचक हवा आणि परीक्षक नको, असा सरळ अर्थ लावता येईल. मला तो घाईचा वाटतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याच्यात होणारा बदल सहसा कुणी टिपत नाही. पैशाचा विषय बंद होतो. किती खपल्या हे तो सांगत नाही, तुम्हीही विचारत नाही. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतल्या 'स्वीकार' सदरात नुसतं नाव आलेलं कात्रण पाकिटात घडी पडून विरायला लागतं. तरी फोन चालूच राहतो. पुस्तक आधीच देऊन झालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा फोन करण्यात विक्रीचा काय फायदा? काहीच नाही. त्याला आता पानाचा आकडा हवा असतो. आयुष्यभर बँकेत नाहीतर पाटबंधारे खात्यात इतरांच्या कागदांवर सह्या केलेल्या माणसाने पहाटे उठून दोनशे पानं लिहिली, ती दोनशे लोकांना वाटली, आणि त्यातल्या एकानेही सतरावं पान ओलांडल्याचा पुरावा नाही. आपण प्रत घेतो, फोटोत हसतो, कपाटात ठेवतो आणि वर त्यालाच चिकट म्हणतो. या व्यवहारात लबाडी कुणाची जास्त, याचा निकाल मी तरी त्याच्याविरुद्ध देणार नाही.

क्वचित कुठल्या तरी तालुक्याच्या गावाहून एखादा खडूस सेवानिवृत्त मास्तर पोस्टकार्ड टाकतो: पान 64 वर वारलेल्या आत्याबाई पान 112 वर चहा घेऊन कशा आल्या, याचा खुलासा व्हावा. कौतुकाचा एक शब्द नाही, खाली तेरा शुद्धलेखनाच्या चुका क्रमवार. पण गृहस्थ हरखून जातो. ते कार्ड तो घरात सगळ्यांना दाखवतो, आत्याबाईंच्या बचावाचं चार पानी उत्तर लिहितो, ते फाडतो, चूक कबूल करतो. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित, परतीच्या तिकिटांसह, मास्तरांच्या पत्त्यावर रवाना होतं.