बेलीफ आला, फाइल धावली

सरकारला कोर्टाचा निकाल समजतो कधी? निकाल लागतो त्या दिवशी नव्हे. बेलीफ साहेबांच्या खुर्चीला हात घालतो त्या दिवशी.

राज्यात कुठे ना कुठे ही बातमी असतेच. भूसंपादनाचा वाढीव मोबदला थकला, शेतकऱ्याने वसुलीची दरखास्त लावली, बेलीफ कार्यालयात येऊन खुर्ची, संगणक, कपाट अशी यादी करू लागला. मग जी पळापळ होते ती बघण्यासारखी असते. वर्षभर एक टेबल न ओलांडलेली फाइल जेवणाच्या सुट्टीआधी सरकारी वकिलांकडे पोचते. मागणी एकच : अपील करतोय, तोवर स्टे द्या.

भंडाऱ्याला हे सांगायला नको. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींनी 22 एप्रिल 1988 ला केलं. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा. पुढे आकडा हजारो कोटींत गेला. त्या वाढीला कुणी स्टे मागितल्याचं ऐकिवात नाही. धानाच्या बांध्या गेल्या, त्यांचा भाव मात्र सरकारनेच ठरवला. ज्यांना पटला नाही त्यांच्यासाठी 1894 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 18 होतं : जा कोर्टात. आणि कोर्टाने भाव वाढवला की सरकारसाठी कलम 54 : जा हायकोर्टात.

आता कायदा काय म्हणतो? दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 41, नियम 5 स्वच्छ आहे. नुसतं अपील टाकल्याने हुकूमनामा थांबत नाही. स्टे हवा तर मोठं नुकसान होईल हे दाखवा, वेळेत या, जामीन द्या. पण जामिनातून सरकारला आदेश 27 च्या नियम 8-अ ने सूट आहे. सरकार काही बुडत नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. गावं बुडतात, ती गोष्ट वेगळी.

हायकोर्ट बहुतेक वेळा रक्कम जमा करायला सांगतं, हे खरं. पैसे कोर्टात येतात. शेतकरी म्हणतो, द्या. कोर्ट म्हणतं, थोडे घ्या, उरलेल्या पैशांसाठी हमी आणा. आता ज्याची जमीन धरणात, तो जामिनाला काय ठेवणार?

अपील हा हक्क आहे, सरकारचाही. खालच्या कोर्टाने भाव जास्त लावला असंही होऊ शकतं. पण ‘मोठं नुकसान’ म्हणजे नक्की कुणाचं ते एकदा मांडून बघा. त्याच 1894 च्या कायद्यात वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज आहे. 10 लाख 10 वर्षं अडकले तर नुसतं व्याज 14 लाख 40 हजार. इतक्या दराने कर्ज घ्यायला सावकाराकडेसुद्धा माणूस दोनदा विचार करून जातो. साहेब एकदाही करत नाहीत, कारण कापायचं ते त्यांच्या पगारातून नाही.

2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की मुदत वाढवली नाही तर स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठेल. 29 फेब्रुवारी 2024 ला घटनापीठाने ते रद्द केलं. कोर्टाला वेळ नाही याची शिक्षा पक्षकाराला नको, हे कारण रास्तच आहे. पण वेळ नाही याचं बक्षीसही पक्षकारालाच मिळतं, त्याचं काय? अपील निकाली निघेपर्यंत कागदांवर शेतकऱ्याच्या नावापुढे ‘मयत तर्फे वारस’ लागतं. ‘पैसा कवा भेटन जी?’ हे विचारायला मग नातू येतो.

ज्यांचा निकाल नुकता लागलाय त्यांनी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात कॅव्हेट टाकून ठेवावं, म्हणजे आपल्याला न ऐकता स्टे लागणार नाही. ते 90 दिवस चालतं. नंतर पुन्हा टाका. सरकार उशिरा आलं तर आधी विलंबमाफीच्या अर्जावर अडवा.

सरकारला आमची सूचना छोटी आहे. स्टेच्या अर्जात दोन रकाने वाढवावेत. रोजचं व्याज किती, आणि स्टे मागायचं ठरवणाऱ्या साहेबांचं नाव काय. मग बघू, किती फायली नागपूरची गाडी पकडतात ते.