जीपचा मागचा रेशो बदलणे : वर्सोव्यातील नवशिक्यांसाठी

आधी गाडी तपासा. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना देणारी हॅचबॅक असेल, तर मागे बदलण्यासारखं काही नाही. स्टिकर लावा आणि समाधान माना. आपल्याला लागते ती जुनी जीप, महिंद्राने विलीजच्या परवान्यावर मुंबईत जुळवायला घेतली त्या घराण्यातली.

मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो फुगवटा दिसतो त्यात क्राउन आणि पिनियन असतात. विलीज सीजे-३बी मध्ये क्राउनला ४३ दाते, पिनियनला ८, भागाकार ५.३८. युद्धातल्या एमबी जीपमध्ये ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. आकडा मोठा तर ओढ जास्त, लहान तर पळ जास्त. नवशिक्याला नेहमी पळच हवी असते. तर हिशेब बघा : २८ इंची टायर, टॉप गिअर, इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्या. ५.३८ या जुन्या रेशोवर ताशी साधारण ७५ किलोमीटर, ४.८८ या नव्यावर ८२.

हे वरचे सात किलोमीटर जेपी रोडवर वापरायचे आहेत. तिथे डोक्यावरून जाणारी मेट्रो ताशी ८० पळू शकते आणि तरी घाटकोपरपर्यंतच्या ११.४ किलोमीटरला २१ मिनिटं घेते. तिच्यापुढे रिक्षा नसतात.

ठरलंच असेल तर गाडी घोड्यांवर चढवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. ऑइल काढा. नट सुटणार नाहीत, खाऱ्या वाऱ्याने त्यांचं लग्न लावून दिलेलं असतं. क्राउन-पिनियन जोडीनेच घ्यावेत, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुणी एकीकडचा क्राउन आणि दुसरीकडचा पिनियन ‘सेम टू सेम’ म्हणून पुढे केला, तर चहा घ्या आणि निघा.

खरं काम शिममध्ये आहे. कागदासारख्या पातळ चकत्यांनी पिनियन आत-बाहेर सरकवायचा, दात्यांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दात्याच्या मध्यावर येतो का ते बघायचं. कडेला आला की सगळं उघडून पुन्हा पहिल्यापासून. दात्यांमधला प्ले इंचाच्या काही हजारांश भागांत मोजतात, डायल गेजने. काही उस्ताद तो बोटाने हलवून सांगतात. अशी गाडी मग चाळीसच्या पुढे रडायला लागते आणि उस्ताद म्हणतो, नवीन आहे, बसेल. बसत नाही.

आता एक तपशील. जीप फोर-व्हील असेल तर पुढचा रेशोही हाच करावा लागतो, नाहीतर फोर-व्हील टाकताच पुढची-मागची चाकं वेगळ्या हिशेबाने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केस मधल्या मध्ये भरडली जाते. म्हणजे खर्च दुप्पट. हे सुरुवातीलाच सांगता आलं असतं, पण मग इथवर कोण आलं असतं?

स्पीडोमीटरची केबलही ॲक्सलच्या अलीकडून निघते, त्यामुळे काटा ५० दाखवेल तेव्हा तुम्ही ५५ वर असाल. दंड ५५ चा होतो.

शेवटची सूचना रनिंगची. सुरुवातीला नव्या दात्यांवर भार टाकू नये, सलग वेगात पळवू नये, थोडं चाललं की थांबून हौसिंग गार होऊ द्यावं. सात बंगल्याहून संध्याकाळी सातला अंधेरी स्टेशनकडे निघालात, तर यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.