न निघालेल्या गाडीची नाकाबंदी

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जीएचसीआय या इंटरप्रीटरमध्ये एखाद्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावणं म्हणजे चौकात नाकाबंदी लावणं. फरक इतकाच, की या गावातल्या गाड्या कोणी बोलावल्याशिवाय घरातून निघत नाहीत. समजा, ‘वर्ग’ नावाच्या फंक्शनवर ‘:ब्रेक’ लावला आणि वर्ग 1, वर्ग 2, वर्ग 3 अशी यादी करून तिची ‘लेंग्थ’ विचारली. उत्तर 3 असं तत्काळ येतं, ब्रेकपॉइंट मात्र ढिम्म! यादीची लांबी मोजायला आतल्या किमती लागत नाहीत, त्यामुळे ‘वर्ग’ला कोणी उठवतच नाही. त्याच यादीची ‘सम’, म्हणजे बेरीज, मागा, की पहिल्याच घटकाला गाडी अडते. नवख्याला वाटतं, डीबगर बिघडला. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. फंक्शन कुठे लिहिलंय हे संपादकातही दिसतं. त्याचं उत्तर कोणाला आणि केव्हा हवं झालं, हे 2007 साली जीएचसी या कंपायलरच्या 6.8 आवृत्तीबरोबर आलेला हा डीबगरच दाखवतो.

यावर हास्केलभक्तांचा ठरलेला आक्षेप असा, की टाइप जुळले की प्रोग्रॅम बरोबरच असतो, डीबगर हवा कशाला? त्यांनी क्विकसॉर्ट लिहावा आणि यादीचे ‘पहिल्यापेक्षा लहान’ आणि ‘पहिल्यापेक्षा मोठे’ असे दोनच भाग करावेत. पहिल्याइतकेच असलेले बाकीचे आकडे गुपचूप गायब होतील आणि टाइपचेकर समाधानाने मान डोलावेल. त्याच्या लेखी आकड्यांची यादी आत गेली, आकड्यांची यादी बाहेर आली; मध्ये माणसं हरवली तर तो त्याचा प्रांत नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मध्ये एक ‘ट्रेस’ फंक्शन टाकून किंमत छापली की काम भागतं. भागतं खरं, पण छापायचं म्हणजे किंमत काढावी लागते. जी गाडी निघणारच नव्हती तीही मग रस्त्यावर येते, आणि तपासणीच्या पायी रहदारी बदलते. डीबगरच्या ‘:प्रिंट’ची शिस्त वेगळी. न काढलेली किंमत तो तशीच ठेवतो आणि तिच्यावर ‘_टी1’ अशी चिठ्ठी डकवतो. उघडायचीच असेल तर ‘:फोर्स’ आहे, पण तो हुकूम तुमचा.

तक्रारी खऱ्याही आहेत. ब्रेकपॉइंट फक्त इंटरप्रीट केलेल्या मॉड्यूलवर लागतो. आधी कंपाइल झालेलं असेल तर लोड करताना नावाआधी तारांकन द्यावं लागतं, आणि ‘मॅप’सारख्या तयार फंक्शनवर तर लागतच नाही. थांबल्यावर समोरच्या पदावलीत वापरलेलीच नावं दिसतात, शेजारच्या ओळीतलं नाव विचारलं तर डीबगर ओळख दाखवत नाही. कॉल स्टॅकऐवजी डीबगरच्या ‘:ट्रेस’ आणि ‘:हिस्टरी’ या आज्ञांवर भागवायचं, तिथेही एरवी शेवटची 50 पावलंच लक्षात राहतात. एवढं सोसूनही हा डीबगर शिकण्याजोगा आहे. ‘लेंग्थ’ आणि ‘सम’चा प्रयोग आजच करून पाहा; फक्त अनंत यादीवर ‘:फोर्स’ चालवू नका.