बाराशेचा आकडा

वजन कमी करायचं ठरवलं की माणूस आधी आकडा मागतो. रोज किती कॅलरी खायच्या ते कोणीतरी ठामपणे सांगितलं की निम्मं वजन तिथल्या तिथे उतरल्यासारखं वाटतं. सांगणाऱ्यांचाही तुटवडा नाही. जिममधला ट्रेनर सांगतो, मोबाइलमधलं ॲप सांगतं, बागेत सकाळी चालायला येणारे निवृत्त बँक मॅनेजर तर न विचारता सांगतात. आणि का कोण जाणे, बायकांसाठी हा आकडा बहुतेक वेळा बाराशेच निघतो. उंची पाच फूट असो की साडेपाच, वय पंचवीस असो की पासष्ट, दिवसभर खुर्चीत बसायचं असो की भातलावणी करायची असो, बाराशे! माझं म्हणणं असं की सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाहीच. ‘आत्ता खाता त्याहून थोडं कमी खा’ हेच खरं उत्तर आहे, पण एवढं ऐकायला कोणी फी देत नाही, म्हणून ते कोणी सांगतही नाही.

अन्नातल्या कॅलरी मोजायची रीत बसवली ती अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. माणसांना बंद खोलीत ठेवून त्यांचं खाणं, त्यांचा श्वास आणि अंगातून निघणारी उष्णता त्यांनी मोजली. पिष्टमय पदार्थांच्या आणि प्रथिनांच्या ग्रॅममागे ४, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅममागे ९ हा पाकिटांवर आजही चालणारा हिशोब त्यांचाच. पण ॲटवॉटरना काळजी होती ती गरीब कामगाराला स्वस्तात पोटभर कसं मिळेल याची. याच हिशोबाने बारीक व्हायची टूम घरोघरी नेली ती १९१८ साली कॅलिफोर्नियातल्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांच्या पुस्तकाने. यापुढे पावाची चकती म्हणू नका, शंभर कॅलरी पाव म्हणा, असं त्यांनी वाचकांना बजावलं आणि वजन उतरवायला बाराशे सांगितल्या. आपल्या पंगतीत ‘शंभर कॅलरी पुरणपोळी वाढा’ म्हणणाऱ्याच्या पानात वाढप्याने काय टाकलं असतं, ते सोडा. पुस्तक धो धो खपलं. त्याला शंभर वर्षं उलटली, बाईंचं नाव कोणाला आठवत नाही, बाराशे मात्र अजून चालू आहेत.

ॲपवाले म्हणतील, आम्ही सरसकट सांगत नाही, उंची-वजन-वय विचारून सांगतो. खरं आहे. पुष्कळ ॲपच्या पोटात १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र असतं, पाचशेच्या आत अमेरिकन माणसं मोजून बसवलेलं. तेच वापरून बघू. वजन ७० किलो, उंची १६० सेंटिमीटर, वय ४५, अशी एक बाई घ्या. ती नुसती पडून राहिली तरी तिला १३१४ कॅलरी लागतात. बैठ्या कामासाठी त्याला १.२ ने गुणलं की होतात १५७७. आता दुसरा लोकप्रिय आकडा, ‘रोज पाचशे कमी’, वजा करा. उरले १०७७. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी ज्याच्या खाली जाऊ नये असं सांगतात, त्या बाराशेच्याही खाली! इकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची गरज १६६० धरली आहे. म्हणजे पंधरा किलोंनी हलक्या असलेल्या बाईला रोज ८३ कॅलरी जास्त. यात मोठा वाटा आहे तो ‘बैठं काम’ नेमकं किती बैठं, यावर दोन्ही हिशोबांचं एकमत नसण्याचा. अशा बाईने पाचशे कापायला जाऊच नये. अडीचशे-तीनशे कापावेत आणि बाकीचं चालण्यावर सोडावं. उंच, धिप्पाड पुरुषाला पाचशे खुशाल झेपतात.

सरासरीच्या या भानगडीवर पुण्यात एकदा चांगली जुंपली होती. १९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा आखताना माणशी रोज २२५० कॅलरी धरल्या. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी अशा रेषेवर हरकत घेतली. गरज माणसामाणसागणिक बदलते हे तर खरंच, पण एकाच माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक हलते, तेव्हा सरासरीखाली दिसला की तो उपाशी असं धरता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. दांडेकरांना ते पटलं नाही. अशाने गरिबाची भूक कागदावरच मिटेल, ही भीती मला तरी रास्त वाटते. वाद होता ताटात काही न पडणाऱ्यांचा, आणि आज त्याच शहरात तेच माप ताट न सुटणाऱ्यांच्या हाती आलं आहे. पण मंगळवारी बाराशेऐवजी १२४० झाले म्हणून रात्रभर कुढणाऱ्याने सुखात्म्यांचा मुद्दा ऐकून ठेवावा. चाळीसपेक्षा जास्त तर त्याची गरजच तेवढ्यात इकडची तिकडे झालेली असते.

बरं, आकडा बरोबर आहे असं घटकाभर धरू. मोजणार कोण? आपल्या स्वयंपाकात चमचा, पळी, वाटी, मूठ ही मापं, आणि या सगळ्यांवर अंदाज. ‘फोडणीला चमचाभर तेल’ यातला चमचा चहाचा असेल तर पंचेचाळीस कॅलरी, पोह्याचा असेल तर एकशेवीस, आणि किटलीतून थेट कढईत धार धरली असेल तर देव जाणे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. एकाच्या वाटणीला कोरडा साबुदाणा शंभर ग्रॅम, साडेतीनशे कॅलरी. मूठभर दाण्याचं कूट चाळीस ग्रॅम धरलं तर सव्वादोनशे. तूप पोह्याच्या चमच्याने दोन चमचे, अडीचशे. बटाट्याच्या फोडी, वरचं खोबरं आणि बरोबरचं गोड दही न धरताच सव्वाआठशे झाले, आणि हा उपास आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं म्हणून ठेवणाऱ्यांनी हा हिशोब ॲपशिवाय केला होता.

यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘मी तर काहीच खात नाही हो, माझं थायरॉइड असेल’. थायरॉइड असू शकतं, ते तपासून घ्यावंच. पण १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक शोधनिबंध आला. बाराशेच्या आत खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांचं खरं खाणं त्यात समस्थानिकांच्या पाण्याच्या पद्धतीने मोजलं होतं. या मंडळींनी सांगितलेलं खाणं सरासरी १०२८ कॅलरींचं होतं, आणि निघालं २०८१ कॅलरींचं. चयापचयात काही खोट नव्हती. त्यांना लबाड म्हणण्याचं कारण नाही. डब्यातून जाता जाता तोंडात टाकलेली शेंगदाण्याची चिक्की, नातवाने टाकलेला अर्धा पराठा, प्रसाद म्हणून हातावर आलेला पेढा, हे सगळं आपण खात नसतोच. ते आपोआप पोटात जातं.

दुसरी हरकत आजीची. आजीने कधी कॅलरी मोजल्या नाहीत आणि ती काडीसारखी होती. मान्य. पण पोषण संस्थेच्याच तक्त्यात कष्टाचं काम करणाऱ्या स्त्रीची गरज २७२० आहे, बैठ्या स्त्रीपेक्षा हजाराहून अधिक. आजी जात्यावर दळत होती, विहिरीचं पाणी शेंदत होती. तिचं खाणं घ्यायचं असेल तर तिचं जातंही घ्यावं लागेल. तिसरी हरकत दोन वेळाच जेवणाऱ्यांची. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात निम्म्या घरांत घड्याळ लावून जेवायला शिकवलं, आणि पुष्कळांचं वजन उतरलंही. पण २०२२ साली चीनमधल्या ग्वांगजोऊच्या डॉक्टरांनी १३९ लठ्ठ माणसांची वर्षभर चाचणी घेतली. कॅलरी दोन्ही गटांच्या कमी केल्या, एका गटाला शिवाय सकाळी आठ ते दुपारी चारचं बंधन घातलं. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात ठळक फरक सापडला नाही. तेव्हा दोन वेळा जेवून जे साधतं ते बरंचसं मधल्या वेळचा चिवडा सुटल्यामुळे साधत असावं. कोणाला घड्याळ पाळणं सोपं जात असेल तर त्याने जरूर पाळावं, फक्त राहिलेल्या दोन जेवणांत तिसऱ्याची वसुली करू नये.

उतावळ्यांचा प्रश्न वेगळा. थोडं कमी कशाला, आठशेवर येतो, महिन्यात मोकळा! एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी हे सूत्र त्यांना पाठ असतं. ते शब्दशः घेतलं तर रोज पाचशे कमी खाणाऱ्याचं वर्षात तेवीस-चोवीस किलो वजन जाईल, आणि सत्तर किलोंचा माणूस तिसरं वर्ष संपता संपता दिसेनासा होईल. तसं होत नाही, कारण उतरलेल्या शरीराला कमी लागतं आणि घट मंदावते. पहिल्या वर्षात त्याच्या निम्मी झाली तरी उत्तम. घाई केली की चरबीबरोबर स्नायूही जातात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते पाककृतींची पुस्तकं जमवायला आणि ताटल्या चाटायला लागले. मुळातच सडपातळ आणि रोज मैलोन्‌मैल चालणारी पोरं होती ती, हे खरं, पण त्यांना मिळत होत्या साधारण १५७० कॅलरी.

तेव्हा कापायचं ते आपल्याच ताटातून. चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, हे दिवसाचे दीडशेच्या वर झाले. ते निम्म्यावर आणावेत, भाजीतलं तेल पोह्याच्या एका चमच्याने उतरवावं, की दोनशे गेले. वरण, उसळ, अंडी, ताक यांना हात लावू नये, भूक तीच धरून ठेवतात. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आत करावं आणि महिन्याचा कल बघावा. लग्नाच्या जेवणानंतर काटा किलोभर वर गेला तर त्यात बराचसा भाग मिठाने धरलेल्या पाण्याचा असतो. महिन्याने कल खाली नसेल तर एक पोळी कमी करावी. त्या लग्नात मात्र आग्रह करणाऱ्याला आकडा सांगू नये. ‘बाराशेत एका जिलबीने काय होतंय’ हे उत्तर त्याच्याकडे तयार असतं, आणि पान रिकामं दिसलं की तो थांबत नाही. पहिली जिलबी विड्यापर्यंत पुरवून खावी.