पुस्तकाची घोडी कशी करावी

स्वयंपाकघरात पुस्तक उभं ठेवायची लाकडी घोडी करायला दोन फळ्या, एक पट्टी आणि एक रविवार पुरतो, असं शारजातले मराठी इंजिनिअर सांगतात. यातल्या फळ्या आणि पट्टी खरी आहे.

अशी घोडी दुकानात आयती मिळते. पण किमतीची चिठ्ठी दिसली की या जमातीचा गृहस्थ आधी तिचे रुपये करतो. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 वर खिळलेला आहे. रुपयाचा भाव मात्र गृहस्थ रोज दात घासताना बघतात. हिशेबाअंती ‘लाकूड फुकट मिळतं’ असा निष्कर्ष निघतो. घरच्यांनी इथे वाद घालू नये.

लाकूड म्हणजे पॅलेट. जेबेल अली बंदरात उतरणारा माल पॅलेटवर बसून येतो आणि मोडके पॅलेट गोदामांच्या मागे साठतात. विचारल्याशिवाय उचलू नये. निळा रंगवलेला तर मुळीच नको. तो बहुधा भाड्याने फिरणारा, म्हणजे मालक असलेला असतो. मग शिक्का वाचावा. गव्हाच्या कणसाशेजारी ‘एचटी’ असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल, तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते तिथेच सोडावं. तेलकट डागांचं लाकूडही नको, मग शिक्का कितीही सोज्वळ असो.

पॅलेटचे खिळे पिळाचे असतात. पहारीने फळी उचकटली की ती टोकाला चिरते. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळाच कापावा. हे काम बाल्कनीत करताना भुसा खालच्या मजल्यावर उडतो आणि नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, वर येतो. त्याच्याशी गोड बोलावं.

लगेच मापं घेऊ नयेत. जुलैतल्या दमट हवेतली फळी एसीच्या खोलीत आली की रुंदीत आक्रसते, कधी वाकते. दोन-तीन आठवडे ती घरात नुसती पडू द्यावी. कुठे पडू द्यावी? गृहस्थांच्या मते दिवाणखान्यात, सोफ्यामागे.

आता कोन. पोथीची किंवा कुराणाची फुलीसारखी उघडणारी रेहल देखणी असते, पण ती जमिनीवर बसून वाचणाऱ्यासाठी. ओट्यावर ती जागा खाते आणि पुस्तक जवळजवळ आडवं ठेवते. फोडणीतली मोहरी सरळ पानावर. उभं राहून वाचायचं, तर पाठीची फळी सरळ उभीपेक्षा पंधरा-वीस अंश मागे कलावी. त्याहून कमी कलली, तर पुस्तक पुढे कोसळतं. एवढं पुठ्ठा कापून बघितलं, तर पाच मिनिटांत कळतं. गृहस्थ त्याचं संगणकावर त्रिमितीय चित्र काढतात.

पुस्तक खरं कोणतं ठेवायचं, हे कोणी विचारत नाही. बहुतेक घरांत ती कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ असते. 1970 साली आलेलं हे पुस्तक वाटी-चमच्याच्या मापात बोलतं, म्हणून ते लग्नानंतर बॅगेतून परदेशी गेलं. आईकडून आलेल्या प्रतीचा कणा सैल असतो आणि अनारशाच्या पानावर पिठाचे ठसे असतात. अशा पुस्तकाला खालची पट्टी निदान पाच सेंटिमीटर खोल हवी, पानं धरायला तिच्या कडेला दोन लाकडी खुंट्या हव्यात आणि कडा पॉलिश पेपरने इतक्या घासाव्यात की जीर्ण कागद अडकू नये. हे गृहस्थ न सांगता करतात. इथे त्यांना घाई नसते.

गुण्या लावून बघावं. स्क्रूआधी भोक पाडावं. फेविकॉल जास्त झालं तर ओलं असतानाच पुसावं.

शेवटी तेल. शेंगदाण्याचं नको, खवट होतं. उकळलेलं जवसाचं तेल वाळून कडक होतं, पण ते पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून तापत्या बाल्कनीत टाकू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या सुट्या पसरून वाळवाव्यात.

‘अहो, मला आज चकल्या करायच्या आहेत.’

तेल वाळायला काही दिवस लागतात. तोवर पुस्तक बेसनाच्या डब्याला टेकवावं. ते नाहीतरी इतकी वर्षं तिथेच टेकलेलं आहे.