मुठीचा प्रश्न

काचेचं कपाट आपण घरी बनवलं, असं लोणावळ्याजवळच्या भुशीतले एक लेखकमहाशय भेटेल त्याला सांगतात. जुन्या सागवानी पलंगाच्या फळ्यांवर रंधा मारला सुतारानं, सांधे जुळवले सुतारानं, आणि महाशयांनी हातात पॉलिश पेपर धरून मार्गदर्शन केलं. पण कपाट घरच्याच पडवीत उभं राहिलं, तेव्हा 'घरी बनवलेलं' हे काही खोटं नाही.

उरली दोन काचेची दारं आणि त्यांचं हार्डवेअर. सुताराच्या लेखी हे दुपारच्या चहाच्या आधी उरकायचं काम. महाशयांना मात्र आपली अभिरुची दाखवायला नेमकी इथेच जागा सापडली. खणांत तीन सन्मानचिन्हं, दोन स्मृतिचषक आणि एका गणेशोत्सवातला अध्यक्षपदाचा फोटो बसायचा होता. एवढ्या वैभवाच्या दाराला साधी स्टीलची मूठ? छे!

पहिला हट्ट पितळेचा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जुलैत चपलांवर बुरशी धरते, काडेपेटी गॅसशेजारी ठेवावी लागते आणि मीठ चमच्यानं नाही, सुरीनं काढावं लागतं. अशा हवेत पितळ एका पावसाळ्यात तव्याच्या रंगाला येतं. "अहो, त्या मुठी चिंचेनं घासणार कोण?" एवढंच पत्नीनं विचारलं. पितळ तिथेच बारगळलं.

मग पुण्याची बोहरी आळी. तीही आठवड्याच्या मधल्या वारी, कारण पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशीकर घराबाहेर पडूच शकत नाही. रेल्वेनं वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेल्या धरणाच्या पायऱ्यांवर बसून अख्खा महाराष्ट्र भिजत असतो, आणि त्याच्या गाड्या भुशीकरांच्या फाटकासमोर असतात. फाटकासमोर गाडी लावून वर "काका, कणीस कुठे मिळेल?" असं विचारणाऱ्यांबद्दल महाशयांचं मत छापण्याजोगं नाही.

दुकानदारानं मुठींचा ट्रे काढलाच नाही. "काचेचं वजन किती?"

"हलकी आहे. पाच एमएमचीच."

त्यानं कॅल्क्युलेटर ओढला. चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. म्हणजे दोन फूट रुंद, चार फूट उंच आणि ५ मिलिमीटर जाड दार साधारण सव्वानऊ किलोचं. "साहेब, मूठ मागनं बघू. आधी बिजागरी." एका जातीच्या बिजागरीला काचेत २६ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि काच टफन करायची तर भोक आधीच पाडून घ्यायचं, टफन झाल्यावर ती ना कापता येते, ना भोसकता. दुसरी जात काचेला चिमट्यात धरते. आतल्या अंगाला रबराची चकती, बाहेरून बारीक स्क्रू. स्क्रू ढिला राहिला तर दार हळूहळू खाली घसरतं, जास्त आवळला तर काच टिचते. सरकती दारं स्वस्त पडतात, पण एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. शिवाय त्यांना औषधाच्या दुकानातलं ते करवतीच्या दातांच्या पट्टीवर सरकणारं कुलूप लावावं लागतं. म्हणजे सन्मानचिन्हं खोकल्याच्या औषधासारखी दिसणार.

निर्णय होईना, म्हणून महाशय राजा केळकर संग्रहालयात गेले. दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेले अडकित्ते, दिवे, कुलपं तिथे काचेआड आहेत. महाशयांनी त्यांतलं काहीही पाहिलं नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, काचेच्या पेट्यांची कुलपं आणि बिजागऱ्या न्याहाळत हिंडले. तिसऱ्या दालनापासून एक पहारेकरी त्यांच्या मागोमाग चालू लागला.

परतीची लोकल तळेगावला थांबली, आणि काचेचा विषय डोक्यात असलेल्या माणसाला तळेगाव लागलं की शेजारच्या प्रवाशाची सुटका नसते. याच तळेगावात १९०८ साली पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. दर माणसानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढावा, ही अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना. टिळकांनी ती उचलून धरली. एक पैसा! आज सोसायटीत पाण्याच्या पंपासाठी शंभर रुपये मागा, लोक आधी जमाखर्च मागतात. तेव्हा काळे पैसा-पैसा मागत फिरले, आणि त्यातून भट्टी पेटली. परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम बघायला लागले. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगलेवाडी उभी राहिली आणि प्रभाकर कंदील घरोघर गेला. महाशय ओगलेवाडीत पोचले तोवर गाडी मळवलीला आली होती. शेजारच्यानं विचारलं, "मग तुमच्या कपाटाची काच तळेगावची का?" नाही. ती लोणावळ्याच्या बाजारातली, आणि कंपनीचं नावही महाशयांना माहीत नव्हतं.

कुलपाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेता येईना. मधल्या खणात सहा कप ठेवायचे होते: निळी कड, आत बारीक सोनेरी रेघ. महाशयांच्या आईचे. तिनं ते जन्मभर कुलपात ठेवले आणि किल्ली कमरेला. "चांगले पाहुणे आले की काढू." पाहुणे यायचे, मामलेदार येऊन गेले, व्याही येऊन गेले. चांगले म्हणजे कोण, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. स्वतः ती कान तुटलेल्या कपातून चहा प्यायची. ती गेल्यावर कप निघाले ते प्रत्येकाच्या कानात वर्तमानपत्राचा बोळा घातलेले, कोरे. महाशयांना याचा अजून राग येतो. तिच्यावर येतो की त्या न आलेल्या चांगल्या पाहुण्यांवर, हे ते सांगत नाहीत. पण कुलूप लावायचं नाही, हे मात्र त्यांनी कुणाला न विचारता ठरवलं.

बिजागरी चिमट्याची घेतली. कुलूप गेलं, पाठोपाठ मूठही गेली. सुतारानं आतून पुश मॅग्नेट बसवलं आणि काचेच्या कोपऱ्याला लोखंडी टोपी चढवली. कोपरा बोटानं दाबला की दार टक् करून पुढे येतं. ज्या मुठीसाठी एवढी पायपीट झाली, ती दाराला लागतच नाही. दाबल्या जागी बोटांचे ठसे मात्र उमटतात, आणि ते जुन्या वर्तमानपत्रानं पुसायचं काम मूठप्रेमींकडे आलं आहे.

दारं टांगून झाल्यावर पत्नीनं निळ्या कडेचे कप धुऊन त्यांतच चहा ओतला, पहिला सुताराला. त्यानं एक घोट घेतला, दार दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, वरचं ते मोठं सन्मानचिन्ह टोपीला अडतंय. दार मिटायचं नाही. दुसरीकडे कुठंतरी ठेवा."

ते सध्या फ्रिजवर आहे, स्टॅबिलायझरच्या मागे.