शंभर अपराध

ज्या गृहस्थाच्या घरी लिनक्सवर चालणारा संगणक आहे, त्याला छपाईतले सर्व काही कळते, असा समज आमच्या वसाहतीत कसा रूढ झाला याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. परंतु त्या समजापायी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, गणेशोत्सवाचा जमाखर्च, वाचनालयाची घटनादुरुस्ती असे नाना दस्तऐवज दरसाल माझ्या मेजावर येऊन पडतात, आणि "तुमचं ते टेक् का काय आहे ना, त्याच्यावर जरा छानसं करून द्या हो," एवढा तोंडी हुकूम सोडून चिटणीस महाशय चहा घेऊन मार्गस्थ होतात.

हे टेक् म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ यांचे अपत्य. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली त्यांच्या हाती पडली, ती त्यांना इतकी कुरूप वाटली की पुढील ग्रंथलेखन तहकूब ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच रचावयास घेतली. थोडक्यात उरकेल असा अदमास होता, दशक लोटले. या आज्ञावलीत दोष दाखवून देणाऱ्यास ते धनादेश देत, आणि बक्षिसाची ती रक्कम दुपटीदुपटीने वाढत ३२७.६८ डॉलरपर्यंत गेली. दुरुस्तीगणिक आवृत्तीच्या क्रमांकात गणितातल्या ‘पाय’चा एकेक अंक वाढतो, २०२१ सालचा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे. आपल्या पश्चात तो क्रमांक थेट ‘पाय’ करावा आणि त्या क्षणापासून उरलेसुरले दोष हे आज्ञावलीचे गुणविशेष समजावेत, अशी इच्छाही त्यांनी लिहून ठेवली आहे. एवढ्या निर्दोष हाकिमापुढे उभे राहिले म्हणजे गुन्हा फिर्यादीचाच आहे, हे सुनावणीपूर्वीच ठरलेले असते.

सुनावणीची तऱ्हाही विलक्षण. दोष आढळताच टेक् काम थांबवते, ओळीचा क्रमांक टाकते आणि एक एकाकी प्रश्नचिन्ह पुढे ठेवून स्वस्थ बसते. जुन्या मामलेदार कचेरीतल्या शिरस्तेदाराने चष्म्यावरून नुसते पाहत राहावे आणि अर्जात काय उणे आहे ते अर्जदारानेच ओळखावे, तशातला हा प्रकार. अशा वेळी ‘एच’ हे अक्षर दाबले असता साहाय्य मिळते. तेच पुन्हा दाबले तर मात्र उत्तर येते ते अशा आशयाचे की, करण्याजोगे साहाय्य करून झाले आहे, आता एखाद्या माणसास विचारून पाहावे. शिवाय, टेक् म्हणते, माझ्या ध्यानात येण्यापूर्वीच चूक घडून गेली असण्याचा संभव आहे. या शेवटल्या कबुलीत सगळ्या विद्येचे मर्म आहे. अध्यक्षांचे नाव ठळक करण्यासाठी उघडलेला महिरपी कंस मिटावयाचा राहून जातो, आणि तक्रार दाखल होते ती परिच्छेद संपल्यावरच्या कोऱ्या ओळीवर, जिथे अध्यक्षही नाहीत आणि कंसही नाही. नवशिका त्या कोऱ्या ओळीकडे तासभर टक लावून बसतो. मुरलेला माणूस वर सरकतो.

कुठेही न थांबता पुढे चालावे असा हुकूम आगाऊ देऊन ठेवला, तर टेक् प्रश्न न विचारता एकेक अपराध रोजनाम्यात नोंदवत जाते (या रोजनाम्यास लॉग म्हणतात), आणि शंभरावा भरताच, हे शंभर झाले, पुन्हा प्रयत्न करावा, असे लिहून दप्तर बांधते. श्रीकृष्णाने शिशुपालाला सवलत दिली तीही शंभराचीच. फरक इतकाच की येथे परिच्छेद संपला की अपराधांची मोजदाद पुन्हा शून्यापासून सुरू होते. सबब आटोपशीर परिच्छेद लिहिणारा लेखक हा शास्त्रार्थाने अवध्य होय. आमच्या चिटणीसांचे परिच्छेद मात्र दोन दोन पृष्ठांचे असतात.

त्यांतून मजकूर मराठी. टेक् हाच ज्याचा पाया त्या मूळच्या लाटेक्‌पुढे देवनागरी अक्षर ठेवले की, या अक्षराची व्यवस्था केलेली नाही, म्हणून ते हात झटकते. २००४ साली जोनाथन क्यू यांनी झीटेक् आणले, आधी मॅकवर आणि पुढे लिनक्सवर, तेव्हापासून संगणकातला कोणताही फाँट थेट कामाला लावता येतो. परंतु फाँटच्या नावापुढे ‘लिपी देवनागरी’ हे कलम लिहावयाचे राहिले तर अक्षरे ज्या क्रमाने टंकिली त्याच क्रमाने मुकाट्याने बसतात. मग वेलांटी आपले घर सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर जाते. ‘चिटणीस’ होतात ‘चटिणीस’, ‘विनंती’ होते ‘वनिंती’, आणि ‘अध्यक्ष’ पाय मोडून ‘अध्‌यक्‌ष’ होऊन पडतात. हे कलम घातल्यावरही ‘भाषा मराठी’ हे दुसरे कलम उरतेच. ते नसेल तर पुष्कळ फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. ज्याच्या डोळ्यांस ते खुपत नाहीत त्याने खुशाल राहू द्यावे. आमच्या वाचनालयाचे वयोवृद्ध ग्रंथपाल त्या श कडे बोट ठेवून, "हा कोण पाहुणा?" असे विचारतात.

आता कोणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशास, चित्रांवर बोट ठेवून चालणाऱ्या ऑफिस-पद्धतीच्या आज्ञावली लिनक्सवरही आहेतच की. आहेत, आणि त्यांचे बोलणे फार मुलायम आहे. वीज गेली, संगणक पुन्हा सुरू केला आणि अहवाल उघडावयास गेलो तर अत्यंत अदबीने सांगण्यात येते की, सदरहू दस्तऐवज एका इसमाच्या ताब्यात असल्याने तो फक्त वाचावयास मिळेल. आणि त्या इसमाचे नाव पाहावे तर ते आपलेच. कारण एवढेच की, दस्तऐवज उघडताना त्याच्या शेजारी कुलपाची एक छोटी फाइल तयार होते, ती नीट बंद केल्यावर नाहीशी होते, आणि वीज जाताना कोणी काही नीट बंद करीत नाही. तिच्या नावाचा आरंभ टिंबाने होतो आणि युनिक्स घराण्यात टिंबाने सुरू होणारे सगळेच पडदानशीन. त्यांचे दर्शन हवे तर टर्मिनलमध्ये ‘एलएस’ या आज्ञेला ‘वजा ए’ची जोड द्यावी लागते. कुलूप पुसले की आपण आपल्या ताब्यातून सुटतो.

टेक् असला शिष्टाचार पाळत नाही. त्याच्या परखडपणाने मात्र कधी कधी राजनैतिक पेच उद्भवतात. आमच्या खजिनदारांच्या ई-मेल पत्त्यात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एक अधोरेखा आहे. टेक्‌च्या मते अधोरेखा ही गणितातली खूण, आणि गणिताच्या दोन्ही अंगांना डॉलरचे चिन्ह हवेच. ते न दिसल्यामुळे त्याने रोजनाम्यात नोंद केली की, डॉलर कमी होता, तो घातला आहे. ज्या पतसंस्थेचा ताळेबंद पै-पैशापर्यंत जुळला होता, तिच्या दप्तरी परकीय चलन परस्पर जमा झालेले पाहून खजिनदारांचा चेहरा उतरला, आणि हे रिझर्व्ह बँकेस कळवावे लागेल काय, असे त्यांनी हळूच विचारले.

परंतु इतका आरडाओरडा करणारे हे टेक् एका जागी चकार शब्द काढीत नाही, आणि माझ्या मते खरे भय तेच. टक्क्याचे चिन्ह दिसले की त्यापुढचा त्या ओळीतला मजकूर ही लेखकाची खाजगी टिपणी आहे असे ते समजते आणि चिन्हासकट ती गाळून टाकते. अपराध नाही, इशारा नाही, रोजनाम्यात नोंद नाही. चिटणीसांच्या मसुद्यात ‘सभासदांस यंदा ९ % लाभांश देण्याचे ठरले आहे’ असे होते. मुद्रितात उतरले ‘सभासदांस यंदा ९’. मुद्रित वाचणाऱ्या एका सभासदाने समासात पेन्सिलीने विचारले, "नऊ काय? रुपये?" आणि दुसऱ्याने त्याखाली लिहिले, "वाजता."

सबब गावोगावच्या समस्त चिटणीसांस विनंती की, अहवालात टक्के अक्षरी लिहावेत, परिच्छेद लहान पाडावेत, आणि खजिनदार निवडताना त्याच्या ई-मेलचा पत्ता आधी पाहून घ्यावा.